खुल्या मैदानावरील हिवाळी संगीत-नृत्य महोत्सवाची ध्वनिव्यवस्था कशी सांभाळावी

दिवाळी सरली की महाराष्ट्रात संगीत-नृत्य महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, म्हणजे आताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, त्यांतला सर्वांत परिचित असला, तरी लहान-मोठ्या अनेक शहरांतली मंडळेही शाळेच्या मैदानावर मंडप घालून तीन-चार दिवसांचे महोत्सव भरवतात. अशा महोत्सवात ध्वनीची जबाबदारी घेणाऱ्या प्रमुखाने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कशात लक्ष घालू नये, हे येथे मांडले आहे. मिक्सर चालवणारा तंत्रज्ञ आणि ध्वनिप्रमुख या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, हे येथे गृहीत धरले आहे. मिक्सरमागे बसलेल्या माणसाला शेवटच्या रांगेत काय ऐकू येते ते कळत नाही, आणि ते कळणे हेच ध्वनिप्रमुखाचे मुख्य काम आहे.

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत शेवटच्या रांगेतील रसिकाला तानपुरा ऐकू येत असेल, तर बाकीचे बहुतेक सारे जागेवर आहे असे समजावे. तबला आणि हार्मोनियम कोणत्याही व्यवस्थेत ऐकू येतात. जवारीची झार, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा झणकारणारा नाद, मात्र आवाज प्रमाणाबाहेर वाढवला की झाकली जाते आणि आवाज अपुरा असला तर पोहोचतच नाही. त्यामुळे तानपुरा ही सर्वांत प्रामाणिक मोजपट्टी ठरते. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर तपासाव्यात.

वीज आणि अर्थिंग

पहिल्या दिवशी सकाळी स्पीकर लागण्याच्या आधी वीज तपासावी. प्रकाशयोजना आणि ध्वनी यांना एकाच जोडणीवरून वीज घेऊ देऊ नये; दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरमुळे निर्माण होणारा खरखराट नंतर कोणत्याही उपायाने पूर्ण जात नाही. ध्वनीसाठी स्वतंत्र जनरेटर मिळत नसेल, तर निदान स्वतंत्र फेज आणि स्वतःचे अर्थिंग मागून घ्यावे, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मीटरवर स्वतः पाहावे, आणि मंचावरच्या जोडण्यांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवला आहे ना याची खात्री करावी. दव पडलेल्या मंचावर अनवाणी बसलेला कलाकार धातूच्या माइकला हात लावतो, हे विसरून चालत नाही. डिजिटल मिक्सरला यूपीएस द्यावा, कारण जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली तरी मिक्सर पुन्हा सुरू व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात ख्यालाची बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, मोडते.

‘थोडा हम आहे, पण गाणे सुरू झाले की ऐकू येणार नाही’ असे मांडणाऱ्या मंडळींकडून हमखास सांगितले जाते. हम म्हणजे विजेमुळे स्पीकरमधून येणारी घरघर; ती मान्य करू नये. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ आहे आणि हम ५०, १००, १५० अशा पटींत येतो. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या अगदी शेजारी एक बेसूर स्वर संध्याकाळभर वाजत राहतो, आणि गायकाला तो सर्वांत आधी खटकतो.

स्पीकर, अंतर आणि हवा

एका जागेवरून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबलने उतरतो. मंचाजवळच्या दोन स्पीकरांवरच सारे मैदान भरायचे ठरवले, तर पुढच्या रांगांना कान झाकावे लागतात आणि मागच्या रांगांना कान टवकारावे लागतात. म्हणून मैदान खोल असेल तर मध्यावर डिले स्पीकर, म्हणजे मुख्य आवाज तिथे पोहोचेपर्यंत थांबून वाजणारे स्पीकर, उभे करावेत आणि मुख्य स्पीकरांचा आवाज मर्यादित ठेवावा. डिलेची वेळ बसवताना मुख्य स्पीकरापासूनचे अंतर टेपने मोजावे. विसाव्या अंशाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ २.९ मिलिसेकंद लागतात. या हिशेबाने येणाऱ्या वेळेत आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद मिळवावेत. तेवढे केले की जवळचा स्पीकर वाजत असूनही श्रोत्याला गाणे मंचावरूनच येत असल्याचे जाणवते. ही जाणीव फार मोलाची आहे. गायक समोर बसला आहे आणि आवाज डोक्यावरच्या खांबातून येतो आहे, असे झाले की श्रोत्याचे मन उडते, मग आवाज कितीही स्वच्छ असो.

हिवाळ्यातील खरी अडचण पुढेच आहे. दुपारी २९ अंश असलेले तापमान रात्री १२ अंशांपर्यंत उतरले, की ४० मीटरवरील डिलेची अचूक वेळ ११४.६ वरून ११८ मिलिसेकंदांच्या पुढे जाते. साडेतीन मिलिसेकंदांचा हा फरक वर मिळवलेल्या दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या सवलतीतून कापला जातो, आणि सवलत मुळातच कमी दिलेली असेल तर रात्रीच्या मुख्य गायकाच्या वेळी मधल्या रांगांना आवाज विस्कटलेला वाटू लागतो. म्हणून सूर्यास्तानंतर एकदा आणि शेवटच्या कलाकाराआधी एकदा डिले पुन्हा बसवावा. हवेतील ओलाव्याचाही विचार करावा. दुपारची कोरडी हवा उंच स्वरांची धार अधिक शोषते, रात्र दमट झाली की तीच धार मागेपर्यंत पोहोचते. दुपारी मागच्या रांगांसाठी वाढवलेली ट्रेबल रात्री तशीच राहिली तर हार्मोनियम किंचाळू लागते.

थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली की आवाज वर उडून न जाता खाली वळतो आणि लांबच्या वस्तीत स्पष्ट ऐकू येतो. मिक्सर कोणी हलवलेला नसतानाही रात्री नऊनंतरच शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात, याचे एक कारण हे आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवरील आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ असल्याने हद्दीवर प्रत्यक्षात ६५ डेसिबलच हाती उरतात. मीटर घेऊन हद्दीवर फेरी मारण्यासाठी एक माणूस नेमावा, त्याच्या नोंदी वेळेसह लिहून ठेवाव्यात, आणि मैदानाच्या शंभर मीटरच्या आत रुग्णालय, न्यायालय किंवा शिक्षणसंस्था असल्यास शांतता क्षेत्राचा प्रश्न आयोजकांनी परवानगीच्या वेळीच सोडवला आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

माइकची मांडणी

येथे घाईने काम होते आणि येथेच बहुतेक मैफली बिघडतात. गायकाचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली आणि वर पाहणारा असावा. तान घेताना मान डोलते, त्या डोलण्याच्या कक्षेच्या मध्यभागी माइक यायला हवा. चॅनेलवर लो-कट (ठरावीक कंप्रतेखालचे स्वर कापणारी गाळणी) लावण्याची तंत्रज्ञांना सवय असते आणि ती १२० हर्ट्झवर लावून ते मोकळे होतात. निवेदकासाठी ते ठीक आहे. खर्जात रमणाऱ्या पुरुष गायकाला मात्र त्यामुळे मंद्र सप्तकात आवाजच उरत नाही, आणि गायक बिचारा माइकवर वाकत राहतो. अशा वेळी लो-कट ७०-८० हर्ट्झच्या वर नेऊ देऊ नये. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झवर असल्याने तिथे थोडी अधिक मोकळीक मिळते. प्रत्येक कलाकाराचा षड्ज आधी विचारून कागदावर लिहून घ्यावा, असा आग्रह यासाठीच आहे.

तानपुऱ्याचा माइक भोपळ्याकडे नव्हे, घोडीकडे रोखावा, कारण झार तिथे जन्मते. दोन तानपुरे असतील तर प्रत्येकाला माइक द्यावा. स्टँड कमी पडत आहेत या सबबीवर पहिली काट नेहमी तानपुऱ्याच्या माइकवर पडते, ती पडू देऊ नये. तबल्याच्या दायाँला आणि बायाँला वेगळे माइक द्यावेत, बायाँचा माइक पुडीच्या अगदी जवळ आणू नये, अन्यथा घुमारा फुगतो आणि मींड ऐकू येत नाही. हार्मोनियमचा माइक भात्यापासून दूर ठेवावा. दवामुळे पुडी सैल होते व तबलजी मध्येच हातोडी काढतो. तेव्हा त्याचे चॅनेल खाली घ्यावे, बंद करू नये, कारण गायकालाही तो सूर ऐकायचा असतो.

कथक असेल तर वादकांची बैठक नृत्याच्या लाकडी तक्तपोशीला टेकू देऊ नये. तत्कारांचा धक्का लाकडातून वादकांच्या माइक स्टँडपर्यंत जातो आणि सारंगीच्या चॅनेलवर ढोल वाजल्यासारखा दणका येतो. घुंगरांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला सपाट बाउंड्री माइक ठेवावेत आणि पढंतीचा, म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याचा, माइक वेगळा द्यावा.

मॉनिटर आणि कलाकारांशी बोलणे

मॉनिटरची, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरची, शिट्टी कलाकार येण्यापूर्वी काढून घ्यावी. प्रत्येक माइक हळूहळू वाढवत पहिली शिट्टी ज्या कंप्रतेवर येते ती इक्वलायझरची पट्टी तीन ते सहा डेसिबल खाली घ्यावी, आणि तीन-चार पट्ट्यांनंतर थांबावे. त्याहून अधिक कापले की आवाज पोकळ होतो. कार्डिऑइड माइकची (मुख्यतः समोरचे ऐकणाऱ्या माइकची) पाठ सर्वांत बहिरी असते, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या मागे ठेवावा. सुपरकार्डिऑइड असेल तर तो थोडा बाजूला सरकवावा लागतो. ही बाब फार सोपी असूनही सतत चुकते.

कलाकाराशी बोलणारी व्यक्ती एकच असावी, आणि शक्यतो ती ध्वनिप्रमुखच असावी. मांडामांड सुरू असताना मंचावर जाऊन, बसून, नमस्कार करून विचारावे: ‘पंडितजी, तानपुरा किती देऊ? तबला पुरेसा येतोय ना?’ उत्तर बहुधा हाताच्या इशाऱ्याने येते, आणि मैफल सुरू झाल्यावर तर इशाऱ्यानेच येते. म्हणून कोणता इशारा कशासाठी, हे आधी ठरवून मॉनिटरवरच्या तंत्रज्ञालाही सांगून ठेवावे. ‘आवाज वाढवा’ या मागणीचा अर्थ बऱ्याचदा ‘तबला कमी करा’ असा असतो. प्रथम तबला दोन डेसिबल उतरवून पाहावा. गायकाचा चेहरा निवळला की आणखी काही करू नये.

प्रेक्षागृहातून येणाऱ्या सूचनांचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या रांगेतील मान्यवरांची चिठ्ठी स्वयंसेवक मिक्सरपर्यंत आणतात, ती ध्वनिप्रमुखाने आपल्याकडे घ्यावी, त्या खुर्चीपाशी जाऊन स्वतः ऐकावे आणि मगच ठरवावे. मिक्सरवरचा मुलगा चिठ्ठी वाचून फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) हलवू लागला, तर मैफल पाच जण चालवू लागतात. स्वतः ध्वनिप्रमुखानेही फेडरला हात लावू नये. त्याने दर कलाकाराच्या सुरुवातीला डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि भारतीय बैठकीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत चालावे, आणि तानपुरा कुठे हरवतो ते पाहावे.

दोन कलाकारांमधल्या पंधरा-वीस मिनिटांत मिक्सरमधील जतन केलेली मांडणी उघडावी, पण गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये घेतानाची वाढ, तीच असेल असे धरू नये. प्रत्येक माइकवर टिचकी मारून लाइन तपासावी आणि ती हेडफोनवर ऐकावी, मैदानावर नव्हे. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मिळू शकते आणि ते दिवस प्रशासन आधी जाहीर करते, म्हणून महोत्सवाचा कोणता दिवस त्यात बसतो हे महिनाभर आधी माहीत हवे. कलाकाराला दिसेल असे घड्याळ मंचावर ठेवावे. आलापात शिरलेल्या गायकाच्या हाती ‘दहा मिनिटे’ अशी चिठ्ठी देण्यापेक्षा ते बरे.

भैरवी संपली की आधी अँप्लिफायर बंद करावेत, नंतर मिक्सर, म्हणजे स्पीकरमधून धक्का बसत नाही. कंडेन्सर माइक दव बसण्यापूर्वी पुसून पेटीत ठेवावेत, उघड्या राहिलेल्या केबलची टोके प्लास्टिकने बांधावीत. त्यानंतर नोंदवहीत प्रत्येक कलाकाराचा षड्ज, वापरलेले माइक, रात्रीचा डिले आणि हद्दीवरची मोजमापे लिहावीत व मैदान कोणत्या कोपऱ्यात कोरडे पडले, म्हणजे कुठे आवाज पोहोचला नाही, त्याची खूण नकाशावर करावी; दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कोपऱ्यातला स्पीकर आधी वळवावा आणि मग बाकीची मांडणी सुरू करावी.