शाळेची तपासणी झाली, पण साहेबांनी लिहिलं काय? पालकांनी शेरे कसे बघायचे, कसे मागायचे

तपासणी म्हणलं की शाळेत रांगोळी, लेकरांना इस्त्रीचे ड्रेस, साहेब येतात, वह्या चाळतात, चहा घेऊन जातात आणि शेरा काय लिहिला ते गावात कुणालाच कळत नाही. म्हणून तो शेरा बघायचा आणि त्याची पूर्तता झाली का ते विचारायचं, हे काम पालकांनीच करायचंय.

आधी शाळा व्यवस्थापन समितीत कोण कोण आहे ते बघा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ प्रमाणं समितीत किमान ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या महिला पाहिजेत (खासगी विनाअनुदानित शाळांना हे लागू नाही, झेडपी शाळेला आहेच). तुम्ही सदस्य असाल तर मीटिंगमध्ये सरळ म्हणा, सर, शेरेबुक दाखवा. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी भेटीला आले की तिथं लिहून सही करतात. "मुलींच्या शौचालयाला दार नाही, तातडीने दुरुस्त करावे" असा शेरा दिसला तर तारीख बघा आणि मग उठून ते दार बघून या. मुला-मुलींना वेगळं शौचालय, पिण्याचं पाणी, रॅम्प, ६० पोरांपर्यंत पहिली ते पाचवीला २ शिक्षक, वर्षाला २०० दिवस शाळा (सहावी ते आठवीला २२०), हे सगळं कायद्याच्या परिशिष्टात आहे, ते कुणी मेहरबानी म्हणून देत नाही.

आपल्या बीड, धारूर, केज भागात हजेरी जरूर बघा. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघतात, लेकरं कोयत्यासोबत उसाच्या फडात जातात, आणि पट तेवढाच दिसतो. डिसेंबर-जानेवारीची हजेरी वर्गातल्या डोक्यांशी लावून बघा, आणि हंगामी वसतिगृहाची (आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरं गावातच राहून शिकतात ते) मागणी समितीच्या ठरावात कारखाने सुरू व्हायच्या आधीच घ्या, नंतर त्या लेकराचं वर्ष गेलंच समजा.

शेरेबुक दाखवत नसतील तर माहिती अधिकार. जोडपत्र अ, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट (दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही), पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं. एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "शाळा कशी चाललीय" असलं विचारू नका, "अमुक शाळेचे अमुक वर्षाचे तपासणी अहवाल व पूर्तता अहवाल यांच्या प्रती" एवढंच लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचं तिकीट.

कागद हातात आले आणि शेरा तसाच पडलेला दिसला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडं लेखी तक्रार करा, सोबत त्या शेऱ्याची झेरॉक्स. ३ महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन आहे, नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारखेसह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका, अपिलाला तीच लागते.