मनाजोगी नोकरी शोधताना या चुका टाळा

"मला माझ्या आवडीच्या क्षेत्रात काम करायचे आहे," हे वाक्य मुलाखती घेताना मी गेली सोळा वर्षे ऐकत आले आहे, आणि त्यावरचा माझा प्रश्नही ठरलेला असतो: त्या क्षेत्रात एखाद्या साध्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, आपण नेमके काय करत असाल? बहुतेक उमेदवार इथे अडखळतात. क्षेत्राचे नाव त्यांना ठाऊक असते, त्यातल्या नामवंतांची माहिती असते, पगाराचा अंदाजही असतो. पण त्या कामात दिवसाचे आठ तास कशात जातात, याची चौकशी त्यांनी कधी केलेली नसते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

विषय आवडतो, म्हणून काम आवडेल असे धरून चालणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. काही वर्षांपूर्वी ओळखीतली एक मुलगी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. वाचनाचे वेड होते म्हणून तिने एका प्रकाशन संस्थेत संपादन सहायकाची नोकरी धरली होती, आणि सात महिन्यांत तिचे स्वतःचे वाचन पार थांबले होते. आपल्यातच काही कमी आहे, अशी तिने समजूत करून घेतली होती. मी तिला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. दर तासाला काय केले ते लिहायचे, पण 'संपादन', 'समन्वय' अशी नामे लिहायची नाहीत. हाताने, तोंडाने किंवा डोक्याने प्रत्यक्ष जे केले तेवढेच, क्रियापदात लिहायचे. ती वही घेऊन आली तेव्हा एका मंगळवारच्या पानावर अशा नोंदी होत्या: लेखकाला तिसऱ्यांदा फोन करून मजकूर मागितला, चित्रांच्या परवानग्यांसाठी पत्रे पाठवली, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक आतल्या पानांशी ताडून पाहिले, मुद्रकाकडे दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दिवशी वाचन झाले होते चाळीस मिनिटे, आणि तेही केवळ मुद्रणदोष टिपण्यासाठी.

ती नोकरी वाईट मुळीच नव्हती. पाठपुरावा करण्यात आणि दहा माणसांच्या तारखा जुळवून आणण्यात ज्याला समाधान मिळते, त्याने ती आनंदाने केली असती. वहीत उभी रेघ मारून मी तिला दुसरा रकाना आखायला लावला होता, त्यात वेळ कसा गेला ते लिहायचे होते. दोन आठवड्यांच्या नोंदींत 'वेळ गेलेला कळलाच नाही' असा शेरा फक्त दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा काम एकच होते: एका क्लिष्ट प्रकरणाचा गुंता सोडवून त्याची मांडणी नव्याने सुचवणे. आज ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. यंत्रे हा तिच्या आवडीचा विषय कधीच नव्हता. अवघड गोष्ट सोपी करून मांडणे हे मात्र तिच्या आवडीचे काम आहे, आणि रात्रीचे वाचनही पुन्हा सुरू झाले आहे.

तेव्हापासून कोणतीही जाहिरात वाचताना मी पेन्सिल घेऊन बसते आणि क्रियापदांखाली रेघ ओढते. 'गतिमान वातावरण', 'उत्साही संघ' हे शब्द मी सोडून देते. रेघा ओढून झाल्या की त्यांतली किती कामे आपण कोणी न सांगताही करतो, ते मोजते. निम्म्याहून कमी भरली तर पदनाम कितीही मोहक असले तरी अर्ज बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. या विचारात नवे काही नाही. बॉस्टनमध्ये १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू करणाऱ्या फ्रँक पार्सन्स यांनी तीनच गोष्टी मागितल्या होत्या: स्वतःची नीट ओळख, कामाची नीट माहिती आणि या दोहोंचा विचारपूर्वक घातलेला मेळ. आजचे उमेदवार पहिल्या गोष्टीवर महिनोन्महिने घालवतात आणि दुसरीसाठी एक दुपारही काढत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जे जमते तेच आपले बळ, असे समजणे

ही चूक मी स्वतः तीन वर्षे केली. माझ्या पहिल्या नोकरीत हिशेबांचा ताळमेळ घालण्याचे काम होते आणि ते मला फार चांगले जमत असे. दोन याद्या शेजारी ठेवल्या की फरक कुठे आहे ते मला चटकन दिसे. साहजिकच कौतुक झाले, आणि कौतुकामागोमाग आणखी याद्या आल्या. महिनाअखेर जवळ आली की दोन दिवस आधीपासून माझे डोके जड होई; पण जे काम आपल्याला इतके जमते ते आपल्याला नकोसे कसे असेल, या विचाराने मी ती तक्रार मनातल्या मनात दाबून टाकत होते. मग एकदा नव्याने लागलेल्या दोघांना काम शिकवण्याची जबाबदारी दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे आली. तो दीड तास संपल्यावर मी सकाळपेक्षा ताजीतवानी असे. त्यांनी सोडवलेल्या कागदांवर हिरव्या शाईने खुणा करताना मला त्यांची चूक दिसेच, शिवाय ती चूक करणाऱ्याच्या डोक्यात काय चालले असेल तेही दिसे. आपला ओढा माणसांकडे आहे, हे मला त्या हिरव्या खुणांनी सांगितले.

म्हणून वहीच्या दुसऱ्या रकान्यात 'किती चांगले झाले' हे मी लिहू देत नाही. काम संपल्यावर अंगात उत्साह उरला की सरला, एवढेच लिहायला सांगते. चांगले जमते आणि उत्साहही उरतो, ते आपले बळ. चांगले जमते पण थकवून टाकते, ते केवळ कसब. त्याचा अर्जात जरूर उल्लेख करावा, पण त्याच्यावर सगळी नोकरी उभी करू नये.

दहा मिनिटांच्या चाचणीवर आयुष्य सोपवणे

चाचण्यांना माझा विरोध नाही, केवळ त्यांच्या निकालावर विसंबण्याला आहे. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेल्या सिद्धान्तातून आलेली सहा प्रकारांची विभागणी, म्हणजे हातांनी काम करणारे, शोधक, कलाप्रवण, समाजाभिमुख, उद्यमी आणि शिस्तबद्ध कामात रमणारे, आजही उपयोगी पडते; कारण तिच्यात माणसे आणि कामे दोन्ही एकाच मापाने मोजली जातात. पण कोणीही एकाच प्रकारात पूर्ण मावत नाही, म्हणून हॉलंड यांच्या पद्धतीत प्रत्येक प्रकाराला एक अक्षर असते आणि सर्वाधिक जुळणाऱ्या तीन प्रकारांची अक्षरे मिळून विचार केला जातो. माणसांना सोळा साच्यांत बसवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी तर उमेदवारांची निवड करण्यासाठी वापरू नये, असे तिचे पुरस्कर्तेच सांगतात. प्रत्येक मोजपट्टी तिथे मधोमध कापून दोन्ही बाजूंना एकेक अक्षर दिलेले असल्यामुळे, मध्याजवळचा माणूस महिन्याभराने पुन्हा बसला तर त्याचे अक्षर सहज बदलते. चाचणीचा निकाल हा वहीतल्या नोंदींना विचारायचा प्रश्न आहे, तो उत्तर म्हणून वापरू नये.

चुकीच्या माणसांना विचारणे

घरची माणसे आणि जवळचे मित्र आपल्याला ओळखतात, पण त्यांचे जग बहुधा आपलेच असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक नोकरीची माहिती देणाऱ्या त्या ओळखीच्या व्यक्तीला वरचेवर भेटत होते. उरलेल्यांची ओळख अधूनमधूनची किंवा अगदी क्वचितची होती. म्हणून जुने सहकारी, एकदाच भेटलेले परिचित, त्यांचे परिचित यांच्याकडे वीस मिनिटे मागावीत. नोकरी मागू नये, फक्त काम विचारावे. कालचा दिवस कसा गेला, कोणते काम टाळावेसे वाटते, पहिल्या वर्षात लोक का सोडून जातात, हे तीन प्रश्न मला पुरतात. 'तुमचे काम कसे आहे?' असे कधीच विचारू नये. त्याला 'छान आहे' एवढेच उत्तर येते.

थोडक्यात सांगण्याजोग्या काही चुका

एकच अर्ज शंभर ठिकाणी पाठवू नये. मुलाखतीत आवडनिवड लपवू नये, कारण ती लपवून मिळालेल्या नोकरीत ती रोज लपवावी लागते. काम पटले पण वरिष्ठ कोण हे विचारायचे राहिले, असे होऊ देऊ नये. केवळ पगारवाढीसाठी बदल करायचा असेल तर तो पगारासाठीच आहे हे स्वतःशी मान्य करावे. गरजेपोटी घेतलेल्या नोकरीत कमीपणा काही नाही, आवडीचा शोध तिच्याबरोबरही चालू ठेवता येतो.

सहा आठवड्यांत निकाल लावणे

नवशिक्यांची ही घाई मला सर्वांत अस्वस्थ करते. पहिले दोन-तीन महिने जवळपास प्रत्येक काम थकवते, कारण तेव्हा जागा, माणसे, पद्धती सगळेच नवे असते. तो थकवा कामाचा आहे की नवेपणाचा, हे त्या काळात ओळखता येत नाही. शिवाय काम आहे तसेच घ्यावे लागते असेही नाही. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली, माणसे आपल्या नोकरीला स्वतःच आकार कसा देतात, हे मांडताना रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचे उदाहरण दिले होते. कामाची यादी तीच असताना काही जण स्वतःहून रुग्णांशी बोलत, त्यांना काय हवे-नको ते पाहत, आणि आपले काम रुग्ण बरे होण्याचाच एक भाग मानत. राजीनाम्याचा विचार घेऊन येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी वहीतले उत्साह देणारे एक काम निवडायला सांगते, आणि ते आठवड्यातून दोन तास वाढवून मिळेल का, असे वरिष्ठांना स्पष्ट विचारायला लावते. होकार आला तर तीन महिने थांबावे. नकार आला, किंवा होकार येऊनही वहीचा दुसरा रकाना तसाच राहिला, तर त्याच वहीतली क्रियापदे समोर ठेवून पुढच्या अर्जाला बसावे.