सरकारी आदेशाविरुद्ध दाद नेमकी कुठे मागावी?

निलंबनाचा किंवा पेन्शन रोखल्याचा आदेश हाती पडला की माणूस आधी वकिलाकडे धावतो. त्याआधी तो कागद शांतपणे वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आदेश कोणत्या कार्यालयाचा आहे, सही कोणाची आहे आणि मुळात तुमची नेमणूक कोणी केली होती, यावरून पुढचा रस्ता ठरतो.

अमेरिकेत संघराज्याची आणि राज्यांची न्यायालये वेगवेगळी आहेत. आपल्याकडे एकच उच्च न्यायालय केंद्र आणि राज्य या दोघांविरुद्धच्या याचिका ऐकते; नोकरीच्या वादांसाठी मात्र १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने दारे वेगळी केली आहेत. एकाच गावातले तिघे पाहा. पोस्टमन केंद्राचा कर्मचारी, म्हणून त्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘कॅट’कडे जावे, तलाठी राज्याचा, म्हणून त्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला यांपैकी कोणतेच दार नाही. नियमांत असलेले अपील करून तिला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. आयएएस जिल्हाधिकारी राज्यात काम करत असले, तरी ते अखिल भारतीय सेवेतले असल्याने त्यांचा वाद कॅटकडेच जातो.

दार कळले तरी थेट तिथे जाता येत नाही. आधी खात्यातले अपील करावे आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी, कारण उत्तर आले नाही तर पुढची मोजणी त्या शिक्क्यावरून होते. अपिलावर निर्णय आला तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणात अर्ज करावा. सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. एकामागून एक निवेदने देत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, आणि अनेक चांगली प्रकरणे याच गैरसमजापायी हातची जातात. सबळ कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालानुसार उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे जाता येते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील लोकांना त्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरला जाता येते.

वाद नोकरीचा नसून जमिनीचा असेल आणि दिवाणी दावा करायचा असेल, तर सरकारला आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा दाखल करता येतो.