कागदी पुष्पचक्र करताय? निदान या चुका टाळा

दरवर्षी २५ जुलैच्या संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "बाई, उद्या कारगिल विजय दिवस, क्रेपचं पुष्पचक्र रात्रीत होईल ना?" होईल हो. सकाळपर्यंत टिकेल याची खात्री मी देत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्रेपचा रंग पक्का आहे का ते न बघणं. यात मी स्वतः पोळलेय. एका शाळेसाठी दीड फुटाचं चक्र केलं होतं: बाहेर केशरी झेंडू, आत पांढरी शेवंती, कडेला हिरवी पानं. गोव्यातल्या आमच्या फोंड्यात जुलैचा पाऊस म्हणून पिशवीत गुंडाळून नेलं, पण मैदानावर झिमझिम होतीच. एका निवृत्त सुभेदारांनी ते छातीशी धरून स्मारकापाशी नेलं. परतले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर केशरी ओघळ, आणि चक्रातली शेवंती पार नारिंगी. "धुतल्यावर जाईल," म्हणाले. गेला नाही. चवथीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान घेताना त्यांच्या पत्नीने मला गाठून ते सांगितलं.

तेव्हापासून कागद आणला की एक पट्टी ओली करून जुन्या पांढऱ्या पंच्यावर चोळते. रंग उतरला तर तो कागद आकाशकंदिलाला. पास झालेल्या फुलांनाही मेण देते. मेणबत्तीचे तुकडे वाटीत, वाटी गरम पाण्याच्या टोपात. थेट गॅसवर कधीच नाही आणि मुलांच्या हाती तर नाहीच. फूल देठाला धरून बुडवायचं, लगेच काढून उलटं झटकायचं. रंग जरा गडद होतो, पण मग पाणी अळवाच्या पानावरून जावं तसं निघून जातं.

दुसरी चूक सुरकुत्यांची. पाकळी कापताना क्रेपच्या सुरकुत्या देठाकडून टोकाकडे उभ्या हव्यात, तरच दोन्ही अंगठ्यांनी मधे ताणल्यावर पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. आडव्या कापल्या तर पाकळी नुसती लांबते आणि जिभेसारखी लोंबते. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघणाऱ्यांना हे दिसत नाही आणि दोष मात्र कागदाला.

ग्लू गन घाईवाल्यांनी वापरावी. फुलांवर कोळ्याची जाळी फुकट मिळते. मी मैद्याची खळ करते आणि रात्रभर वाळू देते. पुठ्ठ्याचं रिंगण पावसाळी हवेत मऊ पडतं, कंदिलाच्या कामट्या घ्या.

मधोमध कागदी झेंडा चिकटवून त्यावर "श्रद्धांजली" लिहू नका. ध्वजसंहितेत राष्ट्रध्वजावर कसलीही अक्षरं चालत नाहीत, आणि तो सजावटीची वस्तूही नाही. तीन रंगांची फुलं पुरे.

अमर जवानची प्रतिकृती करत असाल तर बंदुकीची नळी खाली, दस्ता वर, दस्त्यावर शिरस्त्राण. मुलं हटकून नळी वर करतात.

आणि १९ डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या चक्रावर बर्फाचे डोंगर! "ऑपरेशन विजय" शोधलं, पहिलं चित्र उचललं. नाव एकच, पण आपलं १९६१चं, कारगिलचं १९९९चं. १८ डिसेंबर १९६१ला अंजदीव बेटावर नौदलाचे ७ जवान कामी आले. म्हणून त्या चक्रात मी ७ पांढऱ्या शेवंत्या घालते. सातवीपाशी पांढरा क्रेप नेमका संपतो, तेव्हा तेवढा कागद आधीच मोजून वेगळा काढून ठेवते.