एनओटू-नॉक्स गुणोत्तर: एरमॉडमध्ये कोणता आकडा टाकायचा आणि तो आणायचा कुठून

अमेरिकेत मोठी गॅस टर्बाइन, बॉयलर किंवा डिझेल इंजिनं बसवायची असतील, तर हवेच्या परवान्यासाठी एरमॉड (हवेत प्रदूषण कसं पसरतं ते काढणारं संगणकीय मॉडेल) चालवून प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे एनओटू, किती होईल ते दाखवावं लागतं. २०१० पासून तिथे तासाची मर्यादा १०० पीपीबी (अब्जात १०० भाग) आहे, म्हणजे १८८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. प्रत्येक दिवसाचा सर्वात वाईट तास घ्यायचा, वर्षभराच्या अशा आकड्यांचं ९८ वं शतमक काढायचं आणि बहुवर्षीय सरासरी मर्यादेशी ताडून पाहायची. भारतात सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) २००९ च्या मानकांत एनओटूला २४ तासांची आणि वार्षिक मर्यादा आहे, तासाची नाही. त्यामुळे इथल्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अहवालांवर काम करणाऱ्याला एनओटू-नॉक्स गुणोत्तराचा फारसा त्रास होत नाही. अमेरिकी प्रकल्प हातात आला की मात्र पहिली अडचण इथेच येते.

चिमणीतून निघणाऱ्या नॉक्समध्ये (नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं मिश्रण) बहुतांश एनओ, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, असतो आणि थोडा एनओटू. बाहेर पडल्यावर एनओची ओझोनशी गाठ पडते आणि त्याचा एनओटू होतो. पण चिमणीजवळच्या धुरात ओझोन पटकन संपतो. म्हणून कुंपणाजवळचा एनओटू मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: ओझोन किती आहे, आणि चिमणीतूनच किती एनओटू निघाला. हा दुसरा हिस्सा म्हणजे आपलं गुणोत्तर: एनओटू भागिले एकूण नॉक्स.

१. आधी ठरवा, गुणोत्तर लागतंय का?

ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) नियमावलीत एनओटू काढण्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात सगळा नॉक्स एनओटूच धरायचा. दुसऱ्यात एआरएम-२ हे सूत्र, ज्यात बाहेरच्या हवेतलं (चिमणीतलं नव्हे) गुणोत्तर ०.५ ते ०.९ च्या दरम्यान राहतं. तिसऱ्यात ओझोनचा हिशेब धरणाऱ्या पद्धती: ओएलएम, पीव्हीएमआरएम किंवा जीआरएसएम (ही शेवटची पद्धत २०२४ च्या सुधारणेत नियमित झाली). चिमणीतलं गुणोत्तर फक्त तिसऱ्या टप्प्यात लागतं. पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आकडा बसत असेल तर तिथेच थांबा. तिसरा टप्पा म्हणजे जास्त कागद, जास्त प्रश्न आणि ईपीएच्या प्रादेशिक कार्यालयाशी सल्लामसलत.

स्वतःचा पुरावा नसेल तर नियमावली ०.५ हा आकडा देते. तो किती महागात पडतो ते ओएलएमच्या साध्या उदाहरणात बघा. एका ठिकाणी नॉक्स ४०० मायक्रोग्रॅम आला आणि त्या तासाला ओझोन ६० पीपीबी होता, असं धरू. तेवढा ओझोन जास्तीत जास्त ११३ मायक्रोग्रॅम एनओटू तयार करू शकतो.

गुणोत्तर ०.५ असेल तर २०० अधिक ११३, म्हणजे ३१३.
गुणोत्तर ०.१ असेल तर ४० अधिक ११३, म्हणजे १५३.

एक मर्यादेबाहेर, एक आत, आणि पार्श्वभूमीचा, म्हणजे हवेत आधीपासून असलेला, एनओटू अजून मिळवायचाच आहे. त्याच ४०० ला एआरएम-२ साधारण २०० देईल. म्हणजे ०.५ घेऊन ओएलएमकडे गेलात तर दुसऱ्या टप्प्यापेक्षाही वाईट उत्तर हाती येतं. हातात पुरावा नसताना तिसऱ्या टप्प्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

२. प्रत्येक चिमणीचा पुरावा शोधा

सगळ्यात भक्कम म्हणजे त्याच यंत्राची स्टॅक टेस्ट, म्हणजे चिमणीतल्या धुराची प्रत्यक्ष मोजणी. यंत्र अजून बसलेलं नसेल तर त्याच मॉडेलची दुसरीकडची टेस्ट, मग उत्पादकाचं लेखी पत्र, मग ईपीएने जमवलेल्या चिमणीतल्या गुणोत्तरांच्या डेटाबेसमधल्या नोंदी. डेटाबेसमधून घेताना इंधन, यंत्राचा प्रकार, आकार, लोड (यंत्र किती क्षमतेवर चालतंय) आणि प्रदूषण नियंत्रण उपकरण जुळायला हवं. 'डिझेल इंजिन' असं गाळून सगळ्यांची सरासरी काढली की अर्ज तपासणारा परीक्षक लगेच बोट ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

नियंत्रण उपकरणाकडे विशेष लक्ष द्या. डिझेल इंजिनाला ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट किंवा कॅटॅलिस्ट लावलेला पार्टिक्युलेट फिल्टर असेल, तर तो एनओचा एनओटू करतो. एकूण नॉक्स तेवढाच राहतो, गुणोत्तर मात्र चढतं. असं उपकरण नसलेल्या इंजिनाचा आकडा अशा इंजिनाला चालत नाही. गॅस टर्बाइनच्या बाबतीत कमी लोडला गुणोत्तर वाढण्याची प्रवृत्ती असते. चालू होताना किंवा कमी लोडवर धूर पिवळसर दिसतो तो एनओटूमुळेच.

म्हणून लोडनिहाय गुणोत्तर घ्या. पूर्ण लोडला उत्सर्जन जास्त आणि गुणोत्तर कमी, अर्ध्या लोडला उलट, शिवाय धूर कमी वेगाने आणि कमी तापमानाने निघतो. कोणता प्रसंग जास्त वाईट हे मॉडेल चालवल्याशिवाय कळत नाही, तेव्हा सगळे प्रसंग चालवा.

दूरच्या शेजारी कारखान्यांसाठी इतकी मेहनत नको. ईपीएच्या २०१४ च्या खुलाशानुसार सुमारे १ ते ३ किलोमीटरपलीकडच्या स्रोतांना ०.२ धरता येतं.

३. टेस्ट करून घेताना

बहुतेक चुका इथे होतात. एनओटू पाण्यात विरघळतो. नमुना गरम लाइनमधून नेला नाही किंवा गॅस थंड करताना पाण्यात बुडबुडत गेला, तर एनओटू पाण्यातच राहतो आणि गुणोत्तर खोटं कमी येतं. प्रकल्पाच्या फायद्याची ही चूक असल्याने परीक्षक ती आवर्जून शोधतो.

दुसरी अडचण वजाबाकीची. ईपीएच्या चाचणी पद्धत ७ई मधला केमिल्युमिनेसन्स अॅनालायझर (रासायनिक क्रियेतल्या प्रकाशावरून वायू मोजणारं उपकरण) एनओ मोजतो, मग नमुना एनओटूचा एनओ करणाऱ्या कन्व्हर्टरमधून नेऊन एकूण नॉक्स मोजतो. दोघांतला फरक म्हणजे एनओटू. समजा एनओ ४१२ पीपीएम (दशलक्षात ४१२ भाग) आणि नॉक्स ४५० पीपीएम, तर एनओटू ३८ आणि गुणोत्तर ०.०८४. पण ५०० पीपीएम स्पॅनवर (उपकरणाच्या मोजणीची कमाल पातळी) २ टक्के चूक चालते, म्हणजे प्रत्येक आकड्यात १० पीपीएम. फरकात ही चूक वाईटात वाईट २० पर्यंत जाते, आणि आपला एनओटूच ३८ आहे. त्यातून कन्व्हर्टरची क्षमता ९० टक्के असेल तर एनओटूचा दहावा भाग मोजलाच जात नाही. शक्य असेल तिथे एनओटू थेट मोजणारा अॅनालायझर मागा, आणि अहवालात कन्व्हर्टर चाचणीचं पान आहे का ते बघा.

४. गुणोत्तर काढताना एकक तपासा

पीपीएमवर काढलं की घोटाळा नाही. मिलिग्रॅम असतील तर सावध राहा. एनओ ३०० आणि एनओटू ९० मिलिग्रॅम प्रति घनमीटर असेल, तर ९० भागिले ३९० करून ०.२३ येतं, ते चुकीचं. एनओचा रेणुभार ३०, एनओटूचा ४६. आधी ३०० ला ४६ ने गुणून ३० ने भागा, ४६० येतात. मग ९० भागिले ५५०, म्हणजे ०.१६.

५. एरमॉडमध्ये भरताना

उत्सर्जन दर म्हणून एकूण नॉक्स, एनओटूच्या वजनात, द्यायचा. काही जण दराला आधीच गुणोत्तराने गुणतात आणि वर गुणोत्तरही देतात. मग उत्तर सुखावणारं येतं आणि अर्ज परत येतो.

सगळ्या स्रोतांना एकच आकडा द्यायचा असेल तर कंट्रोल भागात 'एनओटूस्टॅक' कीवर्ड, स्रोतनिहाय द्यायचा असेल तर सोर्स भागात 'एनओटूरेशो'. एक स्रोत राहून गेला की त्याला सर्वसाधारण आकडाच लागतो, म्हणून आउटपुट फाइलमधल्या स्रोतांच्या तक्त्यावर एकदा नजर फिरवा. ओझोनची तासागणिक फाइल हवामानाच्या त्याच वर्षांची आणि त्याच स्थानिक प्रमाणवेळेची हवी. उन्हाळी वेळेचा एक तास सरकला तर दुपारचा ओझोन चुकीच्या तासाला जोडला जातो. हरवलेले तास कसे भरले तेही लिहून ठेवा.

६. परवाना अधिकाऱ्याला आधीच दाखवा

मॉडेल चालवण्यापूर्वी प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलिंगचा आराखडा, पाठवा: प्रत्येक चिमणीचं गुणोत्तर, पुरावा, कोणत्या लोडचा, ओझोन कुठल्या केंद्राचा. सोबत गुणोत्तर थोडं वर-खाली करून चालवलेल्या रनचा तक्ता जोडा. आपत्कालीन जनरेटर फक्त चाचणीपुरते चालत असतील, तर ईपीएच्या २०११ च्या खुलाशाचा आधार घेऊन ते तासाच्या मॉडेलमधून वगळण्याची विनंती करता येते. निर्णय अधिकाऱ्याचा. नुसत्या उत्पादकाच्या पत्रावर कमी गुणोत्तर मागितलं असेल, तर यंत्र सुरू झाल्यावर स्टॅक टेस्ट करून ते सिद्ध करण्याची अट परवान्यात येऊ शकते. उत्पादकाशी खरेदीचा करार करतानाच त्या गुणोत्तराची हमी लिहून घ्या.