एएची मीटिंग कशी शोधायची आणि पहिल्या दिवशी कसं बसायचं

एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, माझी पहिली मीटिंग एका कुलपामुळे हुकली. चिठ्ठीवर पत्ता होता, वेळ संध्याकाळी सातची. गेलो तर महापालिकेच्या शाळेचं फाटक बंद. दोन मिनिटं उभा राहिलो, ‘आपण तर आलो होतो बुवा’ असं स्वतःलाच सांगितलं आणि नाक्यावरच्या बारमध्ये शिरलो. मीटिंग आत चालूच होती. जायचं मागच्या गल्लीतून होतं, हे मला तीन महिन्यांनी कळलं.

पण मीटिंगच्याही आधी तब्येतीचं बघा. सकाळी उठल्या उठल्या घोट लागत असेल, नाही घेतला तर हात थरथरत असतील, तर हिमतीवर एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडायला मीटिंगमधल्या कुणी सांगितलं, तर त्याचं मुळीच ऐकू नका.

आता शोधाशोध. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सगळे म्हणतात ती एए, अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली आणि १९५७ पासून भारतात आहे. एए इंडियाच्या संकेतस्थळावर मीटिंगांची माहिती मिळते. इंटरनेटचा कंटाळा असेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, पण ते उपचार केंद्र. तिथे दाखल होता येतं आणि बाहेर पडलेल्यांसाठी फॉलोअपच्या बैठका असतात. एएत ना डॉक्टर ना फी. दारू सोडावीशी वाटणं एवढी एकच अट. पुष्कळजण दोन्हीकडे जातात.

नंबर मिळाला की निघण्याआधी फोन करा. आज मीटिंग आहे ना, कुठल्या फाटकातून यायचं, मराठीत असते की हिंदीत, आणि ओपन की क्लोज्ड, एवढं विचारा. ओपनला घरच्यांना घेऊन जाता येतं, क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बाई असाल तर आणखी कुणी महिला येतात का, तेही मोकळेपणाने विचारा. पलीकडचा माणूस बहुधा स्वतःच दारू सोडलेला असतो. त्याला प्रस्तावना लागत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. उशीर झाला की दारातूनच परत फिरावंसं वाटतं. आमची मीटिंग तिसरीच्या वर्गात भरते. बाकं इतकी बुटकी की गुडघे फळीला टेकतात आणि फळ्यावर मुलांची वजाबाकी अर्धवट पुसलेली असते. मागे बसलात तरी चालतं. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण ‘मी अमुक, मी मद्यपी’ म्हणत आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, तेवढं पुरतं. आडनाव कुणी विचारत नाही. शेवटी एक पिशवी फिरते. दहा रुपये टाका नाहीतर तशीच पुढे द्या, नव्या माणसाकडून अपेक्षा नसते. प्रार्थनाही होते. मी देवाबिवाचा नाही, तेवढा वेळ गप्प उभा राहतो. आजवर कुणी हटकलेलं नाही.

‘ओळखीचं कुणी दिसलं तर?’ ही धास्ती सगळ्यांनाच असते. मला दिसला. कोण ते सांगणार नाही, तोच तर नियम. पहिला अर्धा तास आम्ही दोघंही त्या वजाबाकीकडेच बघत होतो.

निघताना दोन-तीन जण नंबर देतील. नुसते ठेवून देऊ नका. प्यायची तलफ आली की फोन प्यायच्या आधी करायचा, नंतर नाही. गट आवडला नाही तर दुसऱ्या गटात जा. एकाच मीटिंगवरून एएला नावं ठेवणं म्हणजे एका वडापाववरून मुंबईला नावं ठेवणं. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा असं जुने लोक सांगतात. मला तेवढ्या जमल्या नाहीत. पण पूर्वी ज्या वेळी बारमध्ये असायचो, ती सातची वेळ तरी मीटिंगसाठीच ठेवली. मध्ये एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो. दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो, तर शेजारच्याने चहाचा कप पुढे सरकवला, एवढंच.

घरच्यांचं वेगळं. नवरा जात नसला तरी बायको अल-अनॉनच्या मीटिंगला जाऊ शकते, ती कुटुंबीयांसाठीच असते. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे.

आमच्या शाळेच्या पुढच्या फाटकावर हल्ली आम्ही मागच्या गल्लीकडे दाखवणारा खडूचा बाण काढतो. पावसाळ्यात तो टिकत नाही, म्हणून निघण्याआधी फोन कराच.