पुण्याच्या उन्हाळ्यात क्लाउनफिशची टाकी कशी सांभाळावी

100 लिटरची टाकी, लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू असलेला समुद्री खडक), पॉवरहेड (पाणी खेळतं ठेवणारा छोटा पंप), आणि आरओ पाण्यात कालवलेलं समुद्री मीठ: क्षारता 35 पीपीटी, म्हणजे हजार भागांत 35 भाग. चिमूटभर खाद्य टाकून महिना-दीड महिना टाकी रिकामीच चालवा. खाद्य कुजून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की क्लाउनफिशची जोडी सोडा. ॲनिमोन (क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) लागत नाही, विकणारा काहीही सांगो.

इथवर सोपं आहे. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये.

पारा चाळिशीला टेकला की वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी 31-32 अंशांवर जातं. क्लाउनफिशला 25 ते 27 मानवतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासा वर येऊन भराभर कल्ले हलवू लागतो. अशा वेळी बर्फाच्या बाटल्या सोडायचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. दुपारी चार अंश खाली, रात्री पुन्हा वर, या हेलकाव्यांनी मासा खचतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला आयती वाट मिळते. काचेचं झाकण काढा, बारीक जाळी लावा (क्लाउनफिश उडी मारतो) आणि छोट्या पंख्याचा वारा तिरका, थेट पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी असते, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात.

आता सगळ्यात जास्त टाक्या बुडवणारी चूक. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. पंख्याखाली रोज दोन लिटर पाणी उडालं आणि आठवडाभर भरलं नाही, तर 86 लिटरच उरतं आणि क्षारता 35 वरून जवळपास 41 पीपीटी होते. पातळी उतरली म्हणून लोक वर मिठाचं पाणी ओततात, म्हणजे आगीत तेल! भर फक्त गोड्या आरओ पाण्याची. काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करा. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं भरा, एकदम बादली नको. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये बऱ्याचदा कच्चं पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा; 10 च्या खाली हवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी अजिबात नको.

क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. क्षारता चढलीच असेल, तर दिवसाला एक पीपीटीच्या बेतानं उतरवा.

वीज जाईल तेव्हासाठी, विशेषतः गुरुवारी (पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार), बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

मे महिन्यात गावी जाताना आरओ पाण्याच्या लिटर-लिटरच्या बाटल्या भरून ठेवा आणि प्रत्येकीवर तारीख लिहा. खाद्याच्याही तारखेच्या पुड्या बांधा, डबा मात्र कपाटात बंद. शेजारच्या काकू मायेनं मूठभर टाकतात, आणि दोन दिवसांत अमोनिया चढतो.